‘एकही बिघाड नाही’ म्हणजे किती नाही?

एक मजकूर सध्या बराच फिरतोय. त्याचं म्हणणं असं: यंत्रणा घडत असताना तिची रिलायबिलिटी, म्हणजे ती न बिघडता किती भरवशाने चालेल, हे मोजत बसणं म्हणजे निव्वळ कागद रंगवणं. भाग नामांकित घ्या, महत्त्वाचं सगळं दुहेरी बसवा, शेवटी एक कडक चाचणी लावा. त्यात एकही बिघाड आला नाही की झालं, यंत्रणा भरवशाची.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण सगळी भिस्त त्यावरच आहे. शून्य बिघाड ठीक, पण किती वेळा चालवून शून्य? सलग 29 वेळा चालवून एकदाही बिघडलं नाही, तर 95 टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की यंत्रणा किमान 90 टक्के वेळा काम करेल. 99 टक्क्यांसाठी सलग 299 वेळा लागतात आणि 99.9 साठी 2,995. प्रवासी विमानात तर जीवघेण्या बिघाडाची शक्यता उड्डाणाच्या दर तासाला साधारण एक अब्जात एक याहून कमी असावी लागते. एक अब्ज तास म्हणजे 1 लाख 14 हजार वर्षं. कुठली ‘कडक चाचणी’ तेवढी चालणार? म्हणून तो पुरावा आधीपासून, डिझाइनच्या टेबलावरून आणि सुट्या जोडण्यांच्या चाचण्यांमधून गोळा करत यावं लागतं.

भागांचं थोडक्यात. एकही बंद पडला तरी सगळं थांबेल असे हजार भाग घ्या, प्रत्येक 99.9 टक्के भरवशाचा. गुणाकार केला की हातात उरतात सुमारे 37 टक्के. शिवाय कॅटलॉगवर छापलेलं आयुष्य प्रत्यक्षात मिळतंच असं नाही. सरासरी 10 लाख तास न बिघडता चालण्याचा दावा असलेल्या हार्ड डिस्क वर्षाला एक टक्क्याहून कमी बिघडायला हव्यात. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 2007 च्या अभ्यासात बदलाव्या लागलेल्या डिस्कचं वर्षाचं प्रमाण सर्रास 2 ते 4 टक्के निघालं.

आता ‘दुहेरी बसवा’. 4 जून 1996 रोजी युरोपचं एरियान 5 रॉकेट पहिल्याच उड्डाणात, जेमतेम चाळीस सेकंदांत नष्ट झालं. दिशा सांगणारी उपकरणं दोन होती. एक बंद पडलं तर दुसरं तयार. पण दोन्हींत सॉफ्टवेअर तेच, आधीच्या एरियान 4 रॉकेटवरून उचललेलं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता, त्यामुळे सॉफ्टवेअरमधली एक संख्या तिच्यासाठी राखलेल्या 16 बिटांच्या जागेत मावली नाही. राखीव उपकरण आधी गेलं आणि मुख्य उपकरण सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात, त्याच कारणाने त्याच्या मागोमाग. ज्या गणितात हे घडलं त्याचा उड्डाणानंतर काही उपयोगही नव्हता! भाग आधीच्या रॉकेटवर उडून सिद्ध झालेला, जोडी पूर्ण. मजकुरातल्या या दोन्ही अटी इथे पाळल्या होत्या. नव्या मार्गाचे आकडे देऊन ही उपकरणं जमिनीवर चालवून पाहिली असती, तर दोष तिथेच सापडला असता. ते मात्र राहून गेलं.

एका मुद्द्यावर मजकूर बरोबर आहे. कुठला भाग किती वेळा बिघडतो हे सांगणाऱ्या हँडबुकातल्या तक्त्यांवरून काढलेलं ‘अपेक्षित आयुष्य’ खरोखर फारसं कामाचं नसतं. अमेरिकी लष्कराचं ते प्रसिद्ध हँडबुक, 217, शेवटचं सुधारलं गेलं 1995 मध्ये. पण तक्ता टाकून द्यायचा म्हणून मोजणीच टाकून द्यायची? 1964 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या जेम्स डुएन यांनी एकूण चाललेले तास आणि तोवरचा बिघाडांचा दर लॉग कागदावर (ज्यावर प्रत्येक टप्पा दहापटीने वाढतो अशा आलेखाच्या कागदावर) मांडला, तर जवळजवळ सरळ रेघ आली. त्या रेघेचा उतार सांगतो की आपण केलेल्या दुरुस्त्या लागू पडताहेत की नुसती मलमपट्टी चाललीय. विकासाच्या काळातला आकडा असतो तो यासाठी.

अट एकच, प्रत्येक बिघाड मोजला गेला पाहिजे. एका प्रकल्पात टेस्ट बेंचच्या, म्हणजे चाचणीच्या टेबलाच्या, वहीत मी वाचलेली नोंद: ‘डिस्प्ले गेला. रीस्टार्ट केलं. ठीक.’ तो बिघाड धरला गेला नाही. पुढच्या पानांवर तीच नोंद आणखी दोनदा, वेगवेगळ्या अक्षरांत. चौथ्या वेळी कुणीतरी कनेक्टर उघडून पाहिला. कंपनांनी पिनांवरचा मुलामा घासून गेला होता. केबलला एक क्लॅम्प वाढवला की काम भागणार होतं, पण तोवर खोक्याचा साचा तयार झाला होता आणि क्लॅम्पला जागाच उरली नव्हती.