चौथीचा निरोप कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

लेकीच्या चौथीच्या निरोप समारंभावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्याचं तुम्ही लिहिलंय, म्हणून ती सावकाश वाचली आणि उत्तरही सविस्तर देते आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चौथीनंतर पाचवी येते, त्यात सोहळा करण्यासारखं काही नाही. ही शहरातल्या शाळांची नक्कल आहे. ज्यांना धड वाचता येत नाही त्या मुलांनाही टाळ्या वाजवून पुढे ढकललं जातं, पालकांनी त्यावर लिहावं. आणि शेवटी तुम्ही विचारलंत, नापास कोणी होतच नाही तर पास झाल्याचं कौतुक कसलं?

नकलेचं आधी सांगते, कारण तिथे माझं तुमच्याशी भांडण नाही. बालवाडीतल्या पोरांना भाड्याचे काळे गाऊन नि झुपकेदार टोप्या घालून, त्याचे पैसे पालकांकडून घेऊन जे चालतं ते मलाही पटत नाही. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीची द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी एका वर्गात, तिसरी-चौथी दुसऱ्या. चौथीची मुलं सात. त्या दिवशी पोषण आहाराच्या खिचडीबरोबर आयांनी घरून घावणे नि खीर आणली आणि सात घरांनी मिळून शाळेला भिंतीवरचं घड्याळ दिलं. खर्च तेवढाच.

आता "चौथीनंतर पाचवी येते" याबद्दल. शहरात ती खरोखर येते. त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. आमच्या वाडीत शाळा चौथीला संपते. शिक्षणहक्क कायदा पाचवीला प्राथमिकमध्ये धरतो आणि पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असंही सांगतो, पण आपल्या राज्यात जुन्या पद्धतीने चौथीपर्यंतच असलेल्या शाळा किती आहेत हे मी तुम्हाला काय सांगणार! जूनपासून माझी मुलगी एसटीने हायस्कुलात जाईल. आजवर ती साकव ओलांडला की शाळेत पोचायची. दप्तर विसरलं तर मधल्या सुट्टीत घरी येऊन न्यायची. आता वहाळाला पाणी चढलं, गाडी आली नाही, की त्या दिवशी शाळाच नाही. मुलींना पाचवीपासून एसटीचा मोफत पास मिळतो तो अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा. तो पास हातात आला तेव्हा मला आनंद झाला आणि पोटात गोळाही आला. ज्या मुलीला काल एकच बाई सगळं शिकवत होत्या, तिला आता तासागणिक नवे शिक्षक भेटतील, आणि तिला कशाने रडू येतं, फळ्यावरचं दिसत नसलं तरी ती गप्प का बसते, हे त्यातल्या एकालाही ठाऊक नसेल. दहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात यापेक्षा मोठा बदल तोवर झालेला नसतो. तो झाला तर गावाने चार माणसं जमवून त्याला "जा, नीट शीक" म्हणायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

सर, या चार वर्षांची किंमत आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाने फार आधी ओळखली होती. गोपाळ कृष्ण गोखल्यांचा जन्म गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचा. १९११ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचं विधेयक मांडलं तेव्हा मागणी सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती होती. म्हणजे जवळजवळ ह्याच चार इयत्ता. तीही सुरुवातीला फक्त मुलग्यांसाठी. १९१२ मध्ये ते विधेयक फेटाळलं गेलं. त्याच्याही तीस वर्षं आधी, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निदान बारा वर्षं वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं मागितलं होतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली ते आपल्या संस्थानात करून दाखवलं. देशभराचा कायदा व्हायला २००९ उजाडलं. इतक्या माणसांनी ज्यासाठी आयुष्य झिजवलं ते आपल्या वाडीतल्या सातही मुलांना मिळालं, त्यात चार मुली आहेत, हे मला साधं वाटत नाही. माझी आई चौथीनंतर घरी बसली. तिच्या वर्गातल्या सगळ्याच मुली बसल्या. आईच्या वेळी चौथीचा शेवटचा दिवस म्हणजे मुलींच्या शाळेचाच शेवटचा दिवस. नात मात्र त्याच दिवशी पुढच्या शाळेची वाट धरते आहे, हे पाहायला ती पहिल्या रांगेत बसली होती. तुम्ही लिहिलंत, पालक फोटोसाठी रडतात. माझ्या आईच्या हातात फोन नव्हता.

वाचता न येण्याचा मुद्दा मात्र तुमचा खरा आहे, आणि मी तो टाळणार नाही. २०२२ च्या ‘असर’ या, मुलांना वाचन-गणित किती येतं हे तपासणाऱ्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा उतारा नीट वाचता आला नव्हता. ही मुलं चार-पाच वर्षं वर्गात बसलेली आहेत. संताप येण्यासारखीच गोष्ट आहे. पण त्यावर तुम्ही सुचवता तो उपाय, नापास करण्याचा, मला मान्य नाही. तुमच्या काळात नापास झालेली मुलं त्याच वर्गात बसून पक्की होत, असं तुम्ही लिहिलंत. काही होत असतील. पण बाकीच्यांचं काय झालं? माझी आत्या चौथीत नापास झाली. दुसऱ्या वर्षी तिला कुणी शाळेत पाठवलंच नाही, गुरं राखायला पाठवलं. नापासाचा शिक्का घरच्यांना पुरेसा होता. मुलाला वाचता आलं नाही तर त्याचा जाब शाळेला, आम्हा पालकांना, शासनाला विचारायला हवा. नऊ-दहा वर्षांच्या पोराला एकट्याला तो का द्यावा लागावा?

शिवाय नापास कोणी होतच नाही, हेही आता पूर्ण खरं राहिलेलं नाही. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे, फेरपरीक्षेतही जमलं नाही तर मूल त्याच वर्गात राहतं. म्हणजे आमची मुलं जूनमध्ये नव्या शाळेत जातील आणि पुढच्याच एप्रिलमध्ये, त्यांना वर्षभरच ओळखणाऱ्या शिक्षकांपुढे, ती परीक्षा देतील. म्हणूनच आमच्या बाईंनी निरोपाच्या दिवशी जे केलं ते मला जास्त मोलाचं वाटतं, आणि पहिल्या लेखात ते मी दोन ओळींत उरकलं होतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

भाषणं नव्हतीच. सातही मुलांनी शाळेच्या पेटीतलं आपल्या आवडीचं पुस्तक निवडून एक पान सगळ्यांसमोर वाचलं. एक मुलगा तिसरीत जोडाक्षर आलं की थांबायचा. त्याने लहान पान निवडलं, बोट ठेवून वाचलं, ‘स्वच्छ’ला अडकला, पुन्हा सुरुवात केली आणि पूर्ण केलं. त्याचे वडील मुंबईहून रात्रीच्या गाडीने आले होते. टाळ्या त्याला सर्वांत जास्त मिळाल्या. सर, तुम्ही तिथे असतात तर तुम्हीही वाजवल्या असत्या, कारण वर्षभर शाळा सुटल्यावर बाई त्याला घेऊन बसत होत्या हे तुम्हाला त्या वाचनातून आपोआप कळलं असतं.

मग बाईंनी प्रत्येक पालकाला हाताने लिहिलेला एकेक कागद दिला. माझ्या मुलीच्या कागदावर होतं: गोष्ट समजून वाचते, स्वतःच्या शब्दांत सांगते. गुणाकार पक्का. भागाकारात बाकी उरली की गोंधळते. मागच्या बाकावर बसवू नये, डोळे तपासून घ्यावेत. दाखल्यावर यातलं काही नसतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नाव, जन्मतारीख, जात, शाळा सोडण्याचं कारण येतं, आणि आपल्याकडे तो कागद जन्मभर लागतो. पणजोबांच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यासाठी लोक अजून जुन्या शाळांच्या कपाटांत शोधाशोध करतात. पण मूल काय शिकलं नि कुठे अडलंय, हे पाचवीच्या शिक्षकापर्यंत पोचवणारा कागद आमच्या बाईंनी स्वतःच्या मनाने तयार केला. मी तो हायस्कुलात वर्गशिक्षकांच्या हातात देणार आहे. बाकीच्या सहा घरांनीही तसंच ठरवलंय.

पुढच्या वर्षी चौथीत तीनच मुलं असतील. पटाची काळजी आम्हा सगळ्यांना आहे, तो विषय मोठा आहे, त्यावर वेगळं लिहीन. पण तिघांचा निरोपही असाच करायचा, असं शाळा व्यवस्थापन समितीत ठरलं आहे. तुम्ही त्या सुमारास कोकणात असाल तर जरूर या. मुलांचं वाचन तुम्ही घ्या, आणि त्या कागदावर आणखी काय लिहायला हवं ते बाईंना सांगा. इतकी वर्षं वर्ग सांभाळलेल्या माणसाचा त्यांना नक्की उपयोग होईल.