उदगीरच्या ताईंना: सादळलेल्या मोराबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला, फोटोही मोठे करून पाहिले. आई-वडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी तुम्ही पैठणीच्या घडीचा थ्रीडी केक आणि त्यावर साखरेचा मोर सांगितला होता. केकची चव आवडली, हे तुम्ही लिहिलंत. पण मोर दोन तासांत चिकट झाला, पिसं वाकली आणि दोन तर पाहुण्यांसमोर गळून पडली. केकवरच्या कमळाच्या पाकळीत तार निघाली. श्रावणात केक कापायचा तर त्यात अंडं किंवा जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनणारा पदार्थ) आहे का, याचं नीट उत्तर मिळालं नाही. आणि "साखर कारखान्यांच्या पट्ट्यात राहून साखरेच्या मोराचे ३,५०० रुपये घेता?" असंही तुम्ही विचारलंत.

मोराची चूक माझी आहे, म्हणून आधी तेच सांगते.

मृग लागला की दसऱ्यापर्यंत मी काचेसारखे पारदर्शक तुकडे साध्या साखरेचे करत नाही, आयसोमाल्टचे करते. आयसोमाल्टसुद्धा साखरेपासूनच तयार होतं, पण ते हवेतली ओल साखरेपेक्षा खूप कमी ओढतं आणि तापवताना लवकर पिवळं पडत नाही. तुमच्या ऑर्डरच्या आठवड्यात माझ्याकडचं आयसोमाल्ट संपलं होतं आणि पुण्याहून येणारं पार्सल वेळेत आलं नाही. चार दिवस पाऊस उघडला होता, हवा कोरडी वाटली, म्हणून मी साखरेतच पिसं केली. त्याच दिवशी तुम्हाला फोन करून "मोर साखरेचा करू, की गमपेस्टचा करू?" असं विचारायला हवं होतं. गमपेस्ट म्हणजे पिठीसाखरेची मळलेली कणीक, ती वाळून कडक होते. मी विचारलं नाही. रविवारी लातुरातून गाडी निघाली तेव्हाच भुरभुर सुरू झाली होती.

साखर दगडासारखी कडक असते, मग ती पाघळते कशी, असं तुमच्या भावाने फोनवर विचारलं होतं. पारदर्शक तुकड्यासाठी पाक साधारण १५० अंशांपर्यंत नेतात. तिथे पोचेपर्यंत त्यातलं जवळजवळ सगळं पाणी उडून गेलेलं असतं. पाकाने कण धरू नये, म्हणजे साखर परत दाणेदार होऊ नये, म्हणून त्यात ग्लुकोज किंवा क्रीम ऑफ टार्टर (एक आंबट पावडर) घालतात. असा पाक थंड झाला की काच होतो, आणि ही काच हवेतलं पाणी ओढायला टपलेली असते. पाडव्याच्या आधी लातूरच्या गंजगोलाई बाजारात टांगलेले गाठ्यांचे हार आठवा. तीही साखरच, पण तिथे पाकाला मुद्दाम कण धरू देतात, म्हणून गाठी पांढरी, अपारदर्शक होते आणि लवकर चिकट होत नाही. दोन्हींत फरक आहे तो कण धरण्याचा. मोराच्या पिसात मला काचेसारखी चमक हवी होती, आणि श्रावणाच्या हवेत तीच गोष्ट नडली.

माझी आई संक्रांतीला हलव्याचे दागिने करायची. थंडीत हलव्यावर काटा छान फुलतो, म्हणून पावसाळ्यात कोणी हलवा मागितला तर ती सरळ नाही म्हणायची. तिच्या हाताखाली शिकलेली मी. मलाही नाही म्हणता यायला हवं होतं.

त्यात आणखी एक गोष्ट घडली. एसी गाडीतून थंडगार मोर दमट हॉलमध्ये आला, आणि हॉलवाल्यांनी केक अर्धा तास कोल्ड्रिंकच्या फ्रिजमध्ये ठेवला. थंड वस्तू बाहेर आली की तिच्यावर दव धरतं, आणि साखरेला पाणी सुटायला तेवढं पुरतं. हॉलवाल्यांना मी दोष देत नाही. केक म्हटलं की कोणीही फ्रिजमध्येच ठेवणार. "साखरकामाला फ्रिज नको, कापायच्या वेळीच मोर वर ठेवा" हे मी डिलिव्हरीच्या मुलाला तोंडी सांगितलं होतं. ते डब्यावर लिहून चिकटवायला हवं होतं.

तारेची गोष्ट याहून गंभीर आहे, आणि ती तुम्ही लिहिलीत हे फार बरं झालं. कमळ गमपेस्टचं होतं. पाकळ्या उभ्या राहाव्यात म्हणून त्यांत बारीक तार घालतात. ती फुलवाल्यांची तार असते, खाण्याजोगी नसते. म्हणून मी ती केकमध्ये थेट खुपसत नाही, स्ट्रॉचा तुकडा रोवून त्यात बसवते आणि केक कापण्याआधी अख्खं फूल उपसून काढायचं असतं. स्ट्रॉ होती, पण फूल काढून ठेवा हे तुम्हाला कोणीच सांगितलं नाही आणि पाकळी एका लेकराच्या ताटात गेली. लेकराला काही झालं नाही हे वाचून जीव भांड्यात पडला. तुमच्याकडे याची माफी मागते. लहान मुलं असलेल्या कार्यक्रमाला यापुढे मी तारेचं फूल देणारच नाही. पाकळ्या साच्यात वाळवून, बिनतारेच्याच लावीन, थोड्या जाड दिसल्या तरी चालतील.

अंडं आणि जिलेटिन, दोन्ही नव्हतं. तुमची शंका मात्र रास्त आहे, कारण गमपेस्टच्या जुन्या पद्धतीत जिलेटिन असतं आणि रॉयल आयसिंग, म्हणजे वाळून कडक होणारं साखरेचं लेपन, अंड्याच्या पांढऱ्यापासून करतात. माझ्या गमपेस्टमध्ये पिठीसाखर, पाणी, थोडं तूप आणि सीएमसी पावडर असते. ही पावडर वनस्पतींच्या सेल्युलोजपासून बनते. तुकडे चिकटवायलाही मी तीच पाण्यात भिजवून वापरते. केक अंड्याविनाच होता. फॉन्डंट, म्हणजे केकवर पसरायचं साखरेचं मऊ आवरण, विकतचं होतं, पाकिटावर हिरवा ठिपका बघूनच मी ते घेते. दुकानातल्या मुलीने तुम्हाला "बहुतेक नसतं" असं उत्तर दिलं. श्रावण पाळणाऱ्या घराला असं मोघम उत्तर देणं बरोबर नव्हतं.

आता ३,५०० रुपयांबद्दल. मोराला साखर लागली असेल दीडेक किलो, म्हणजे साखरेची किंमत शंभर रुपयांच्या आतच. पण पाक उकळताना भांड्याच्या कडेला उडालेला एकेक कण ओल्या ब्रशने पुसत राहावं लागतं, एक जरी राहिला तरी अख्खा पाक कण धरू शकतो. मग तो सिलिकॉनच्या चटईवर ओतायचा, हाताला सोसेल एवढा निवला की हातमोजे घालून ओढायचा, दुमडायचा, परत ओढायचा. हवा आत गेली की त्याला रेशमासारखी चकाकी येते. सत्तर-ऐंशी अंशांचा गोळा हातात असतो, फोड येतातच. दिव्याच्या उबेत त्याचं एकेक पीस ओढायचं, रेषा उमटवायच्या, वळण द्यायचं, आणि हे सगळं तो कडक व्हायच्या आत. ११ पिसं लावली, त्यासाठी १७ केली, बाकीची तडकली. दीड दिवस गेला. हा भाव मला जास्त वाटत नाही, आणि पुढच्या मोरालाही मी एवढेच घेईन. पण हे पैसे घेण्यासाठी मोर कार्यक्रम संपेपर्यंत उभा राहायला हवा. तो राहिला नाही, म्हणून मोराचे पूर्ण ३,५०० रुपये काल संध्याकाळी तुम्ही ज्या खात्यावरून पाठवले होते त्याच खात्यावर परत केले आहेत. अभिप्राय काढा किंवा बदला असं मी म्हणत नाही, तो तसाच राहू द्या.

फोनवर तुम्हाला "साखर आहे, पाघळणारच" असं ऐकावं लागलं. आई-वडिलांचा पन्नासावा वाढदिवस परत येत नसतो. त्या दिवशी फोन मी स्वतः उचलायला हवा होता.

शेवटी तुम्ही लिहिलंय की आईंनी एक पीस स्टीलच्या डब्यात जपून ठेवलंय. ते फ्रिजमध्ये ठेवू नका. डबा कोरडा आणि घट्ट झाकणाचा घ्या, पीस बटर पेपरवर ठेवा आणि सिलिका जेलची एक पुडी डब्याच्या कोपऱ्यात टाका. पुडी मुलांच्या हाताला लागू देऊ नका. त्या पिसाची पहिली चमक आता परत येणार नाही. ते हळूहळू धुरकट, पांढरं पडत जाईल, कारण त्यातली साखर कण धरू लागेल, अगदी गाठीसारखी. तसं झालं की वरचा चिकटपणाही कमी होईल. आईंना पीस खराब झालंय असं वाटलं तर एवढं सांगा, आणि ते टाकू देऊ नका.