काकांची थ्री फेज

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक फोटो फिरतोय. वीज मंडळातून रिटायर झालेले आमच्या खालच्या मजल्यावरचे काका हातात टेस्टर घेऊन उभे आहेत, मागे माझं आर्केड कॅबिनेट, म्हणजे व्हिडिओ गेम पार्लरमध्ये असायचं तसलं उभं मशीन, आणि खाली ओळ : ‘वरच्यांचं बंद पडलेलं गेम मशीन काकांनी दोन मिनिटांत चालू केलं!’ त्याखाली अंगठे, नमस्कार, फुलांचे गुच्छ. फोटोच्या कडेला एक कोपर दिसतं, ते माझं. सोल्डरिंग आयर्न धरलेला हात फ्रेमच्या बाहेर गेलाय.

मुळात ते बंद पडलेलं नव्हतं. ते तयार होत होतं. सुताराकडून खोकं करून घेतलं, आत जुना पीसी बसवला. बटणं आणि साध्या जॉयस्टिकला काही लागत नाही, स्विच दाबला की लागला. जीव अडकला होता ट्रॅकबॉलमध्ये, म्हणजे तळव्याने फिरवून नेम धरायच्या चेंडूत. अटारीचा 1980 चा ‘मिसाइल कमांड’ ज्यांनी साध्या जॉयस्टिकवर खेळून बघितलाय त्यांना विचारा. वाचवायची ती सहाच्या सहा शहरं डोळ्यांदेखत बेचिराख होतात आणि नेम अजून अर्ध्या वाटेतच असतो.

ट्रॅकबॉल उघडला की चेंडूखाली तीन रूळ दिसतात. एक नुसताच टेकूला. उरलेल्या दोघांच्या टोकाला खाचांची बारीक चकती. चकतीच्या एका अंगाला दिवा, दुसऱ्या अंगाला दोन सेन्सर, किंचित मागेपुढे बसवलेले. कुठल्या सेन्सरवर आधी अंधार पडला यावरून पीसीला दिशा कळते. म्हणजे आडव्या हालचालीला दोन तारा, उभ्याला दोन, वर 5 व्होल्टची एक आणि ग्राउंडची एक. एकूण सहा.

आता या सहा तारांचे रंग कोणी ठरवले? एका कंपनीत जी पिवळी, ती दुसरीकडे भलत्याच कामाला. सोबतच्या कागदावर आकृती आहे, पण ती दुसऱ्याच मॉडेलची. एवढे पैसे मोजायचे, वर कस्टम ड्यूटी भरायची आणि मग घरी बसून तारांची कुंडली मांडायची. कनेक्टरसाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली पालथी घातली. एका दुकानदाराने तो चिमुकला सॉकेट नखावर ठेवून बघितला आणि म्हणाला, “मिक्सरचा आहे का?” मी नाही म्हटल्यावर त्याचा माझ्यातला रस संपला. पुण्यात हे काही नवीन नाही, पण दर वेळी लागतंच.

तर जोडणी झाली. डावं-उजवं झकास. वर-खाली मात्र उलटं. चेंडू पुढे ढकलला की नेम खाली. आणि नेमके त्याच वेळी काका मेंटेनन्सच्या पावत्या घेऊन आले.

“हे काय, देवघर?”

“नाही काका, गेम खेळायचं मशीन.”

“सप्लाय किती?”

“5 व्होल्ट.”

“पाच?” काका हसले. व्होल्टेजवरून कोणी माझी लायकी काढण्याची ही पहिलीच वेळ. “आम्ही अकरा केव्हीच्या लाइनीवर कामं केलीत, बाळा.” आणि खिशातून टेस्टर काढून त्यांनी तो थेट माझ्या लाल तारेला लावला. 5 व्होल्टला टेस्टर कशाला पेटतोय! “यात करंटच नाही,” काकांनी निदान केलं.

“काका, मशीन चालू आहे. फक्त वर-खाली उलटं होतंय.”

“मग आधी सांगायचं ना! मोटर उलटी फिरतेय.”

“यात मोटर नाहीये.”

“काहीतरी फिरतंय ना?”

“चेंडू फिरतोय.”

“झालं तर मग. शेतातली मोटर उलटी फिरायला लागली, पाणी चढेना, की वायरमन काय करतो? दोन फेज बदलतो. कुठल्याही दोन. बदल दोन वायरी.”

मी समजावलं. म्हटलं, काका, तिथे फिरतं चुंबकीय क्षेत्र असतं, इथे साधे प्रकाशाचे ठोके आहेत, एक ठोका दुसऱ्याच्या 90 अंश मागे.

“90 अंश मागे म्हणजे फेजच की,” काका म्हणाले. “आमच्याकडे 120.”

यावर काय बोलणार? मी उभ्या हालचालीच्या दोन तारा, पिवळी आणि हिरवी, आपसात बदलल्या. त्या मी बदलणारच होतो. काका दारात आले तेव्हा पिवळी चिमट्यात धरलेली होती! नेम वर गेला. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली, माझ्या मुलीने फोटो काढला आणि मला न विचारता तिच्या आईला पाठवला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

‘कुठल्याही दोन’ म्हणे! कुठल्याही दोन म्हणून लाल आणि काळी, म्हणजे 5 व्होल्ट आणि ग्राउंड, बदलली असती तर सेन्सर तिथल्या तिथे जळाले असते. हे ग्रुपवर कोणी लिहिलं नाही. मी लिहायला घेतलं होतं, बायको म्हणाली, “जाऊ दे ना, वयाने मोठे आहेत.” वयाने मोठ्या माणसांना बरोबर असण्याचीही सवलत असते, हे मला माहीत नव्हतं.

त्याआधी स्पिनर, म्हणजे गोल फिरवायची मूठ, मी एकट्याने जोडला होता. 1981 चा ‘टेम्पेस्ट’, 1986 चा ‘अर्कनॉइड’, दोन्ही पहिल्या फटक्यात. पीसीला ट्रॅकबॉलही माउस वाटतो आणि स्पिनरही माउस. एक फिरवला की दोन्ही खेळ हलू नयेत म्हणून ते वेगळे ओळखायला लावणं हे खरं डोक्याचं काम. त्याचा फोटो नाही.

काल काका पुन्हा आले. या वेळी पावती नव्हती. मी रोटरी जॉयस्टिक घेऊन बसलो होतो, ‘इकारी वॉरियर्स’साठी. दांडा ढकलला की सैनिक चालतो, दांड्याचं टोक पिळलं की बंदूक वळते. बारा स्थानं, प्रत्येकाची वेगळी तार, वर एक सामाईक.

“यात फेज कुठली?”

“यात फेज नाही, काका,” मी जरा आनंदानेच म्हणालो. “हा बारा स्थानांचा फिरता स्विच आहे.”

“म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर.”

“रेग्युलेटरला पाच स्थानं असतात. आणि तो शेवटी अडतो. हा अडत नाही, गोल फिरतच राहतो.”

काकांनी तो हातात घेतला, टकटक करत पूर्ण एक फेरा फिरवला आणि मला परत दिला.

“बिघडलेला आहे,” ते म्हणाले.