खरेदीखताच्या आधी घर पुन्हा बघा

जळगाव, धुळे, भुसावळकडे घर घेताना कागद कसून तपासले जातात. मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), बिनशेती आदेश, सगळं वकिलाच्या नजरेखालून जातं. घर मात्र इसार देताना पाहिलं तेवढंच. परदेशातली मुलं पुन्हा पाहणीचा आग्रह धरतात, तर घरून उत्तर येतं, ‘माणूस ओळखीचा आहे, अविश्वास कशाला?’

या वादात मी मुलांच्या बाजूने आहे. इथे अमेरिकेत सहीच्या आधी, बहुधा शेवटच्या 24 तासांत, ग्राहक रिकाम्या घरातून फिरून येतो. तो हक्क करारातच असतो, त्यामुळे कुणाला राग येत नाही. कबूल केलेली दुरुस्ती झाली का, सामान हलवताना काही फुटलं का, एवढंच बघायचं असतं. काही निघालं तर सही पुढे ढकलली जाते किंवा थोडी रक्कम त्रयस्थाकडे अडकवून ठेवतात. अर्थात इथलंही सगळं अनुकरणीय नाही. 2021 च्या तेजीत घर हातचं जाऊ नये म्हणून अनेकांनी तज्ज्ञाकडून होणारी सविस्तर तपासणीच सोडून दिली होती. शेवटच्या फेरीने ती उणीव भरून निघत नाही.

खानदेशात तर दोन्ही हव्यात, कारण तापीकाठची काळी जमीन. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया खोल नसेल तर भिंती हलवते. गिलाव्यावरच्या केसासारख्या रेषांनी घाबरायचं कारण नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, नाणं शिरेल इतकी रुंद भेग मात्र इंजिनिअरला दाखवाच. अशा भेगा मे महिन्यात उघडतात, पावसानंतर मिटल्यासारख्या दिसतात. एकाच कोपऱ्यात ताजी पुट्टी असेल किंवा दार चौकटीत अडकत असेल, तर तिथे आधी बघा.

गच्चीची पन्हाळ बंद करून इंचभर पाणी 24 तास साठू द्या, मग खालून स्लॅबची ओल पाहा. न्हाणीघराचंही तसंच. सगळे नळ एकदम सोडून वरच्या मजल्यावरचा दाब बघा. पाणी रोज येत नसेल तर जमिनीतली टाकी गळते का हे जास्त महत्त्वाचं. ईएलसीबीचं, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबल्यावर वीज गेलीच पाहिजे. वीज मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा. वीजबिल, घरपट्टी, पाणीपट्टीच्या पावत्या त्याच दिवशी घ्या.

हे सगळं हक्काने करायचं तर साठेखतातच, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारातच, लिहून घ्या: पाहणी कधी, मोटर-गिझर-इन्व्हर्टरपैकी काय राहणार, आणि दोष निघाल्यास शेवटच्या हप्त्यातून किती रक्कम रोखायची. बिल्डरच्या नव्या घराला रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याने ताब्यापासून 5 वर्षं बांधकामातल्या दोषांचं संरक्षण आहे; तक्रार केल्यावर 30 दिवसांत त्याने खर्च न घेता दुरुस्ती करायची असते. खासगी मालकाकडून घेतलेल्या जुन्या घराला हे लागू नाही. म्हणून तिथे पैसे हातात असतानाच बोलायला हवं. तुमच्या वतीने मुखत्यार सही करणार असेल, तर त्याच्यासोबत स्थानिक सिव्हिल इंजिनिअर पाठवा. व्हिडिओ कॉलवर ओल दिसत नाही.