'पाच लाखांचं कार्ड आहे, मग पीएचसी कशाला?'

गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतो: प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) डॉक्टर नसतो, तिथे लसीचे डोस आणि तापाच्या गोळ्यांपलीकडे काही मिळत नाही, आता घरोघरी आरोग्य विम्याचं पाच लाखांचं कार्ड आलंय, तर केंद्रं बंद करा आणि तो पैसा विम्यात घाला.

आधी कार्डाचं बघू, कारण सगळी भिस्त त्यावरच आहे. आयुष्मान भारत काय किंवा महात्मा फुले जन आरोग्य योजना काय, दोन्हींचा मुख्य भर आहे यादीतल्या रुग्णालयात भरती होऊन घेतलेल्या उपचारांवर. कुत्रं चावलं तर रेबीजची लस लगेच, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यायची असते. चारही वेळा माणूस येतो, सुई टोचून घेतो, घरी जातो. भरतीच नाही, तर कार्ड दाखवायचं कुठे? बीपीची रोजची गोळी, टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स, पोटुशीचं हिमोग्लोबिन, सगळ्याची हीच गत. मजुरीवर जाणाऱ्या बाईला प्रत्येक वेळी तालुका गाठायचा म्हणजे दिवसाचा रोज बुडणार, वर गाडीभाडं. दोन सुया झाल्या की ती यायची थांबते. आणि रेबीज एकदा झाला की माणूस हातचा गेलाच म्हणायचा.

'फक्त डोस' म्हणणाऱ्यांनी रायगड जिल्ह्यातलं बिरवाडी आठवावं. महाडजवळच्या त्या पीएचसीत डॉ. हिंमतराव बावस्कर नोकरीला होते. विंचू चावलेली माणसं, विशेषतः लहान मुलं, हातपाय गार पडून, घामाने निथळत यायची आणि दगावायची. बावस्कर त्यांच्या खाटेशी बसून नाडी, बीपी, श्वास टिपत राहिले. ती निरीक्षणं १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढे प्राझोसिन या बीपीच्या स्वस्त गोळीने त्यांनी विंचूदंशाचे मृत्यू प्रचंड घटवून दाखवले. ज्या कोकणात विंचू चावतो तिथेच, खेड्यातल्या खाटेपाशी ही विद्या सुरू झाली.

आणि डोसाला 'फक्त' का म्हणायचं? लस दोन ते आठ अंशांतच ठेवावी लागते. फ्रीजचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहून, आइसपॅक भरलेला डबा खांद्याला लावून सिस्टर वाडीवर जाते, तेव्हा गोवर गावाबाहेर राहतो.

डॉक्टर नसतो, ही तक्रार मात्र अनेक ठिकाणी खरी आहे आणि तिचा राग मलाही येतो. सपाटीवर तीस हजार, डोंगरी-आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येला एक केंद्र, हा निकष. एवढ्या माणसांना कित्येकदा एकच डॉक्टर, तोही कंत्राटी, राहायला गळकं क्वार्टर. पण केंद्राला कुलूप लावल्यावर तिथे खासगी डॉक्टर येणार आहे का? गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. पुरापलीकडच्या यादीतल्या रुग्णालयाचा त्या दिवशी अडलेल्या बाळंतिणीला काय उपयोग?

राहिला पैसा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसकट उपचार मोफत आहेत. ही सोय कुणी हातातून घालवू नये.

मेसेज पुढे ढकलण्याआधी तुमच्या पीएचसीत जाऊन विचारा: सर्पदंशावरच्या प्रतिविषाच्या किती कुप्या शिल्लक आहेत, कुठलं पद किती महिने रिकामं आहे. उत्तर लिहून घ्या आणि येत्या ग्रामसभेत मोठ्याने वाचा.