दादाशी मी खोटं बोलले नव्हते

आज संध्याकाळी बायबल स्टडी चालू असताना मी मध्येच उठून आले. आयुष्यात पहिल्यांदा. विषय होता मर्यादित प्रायश्चित्त, म्हणजे ख्रिस्त वधस्तंभावर मेला तो सगळ्या जगासाठी नव्हे, फक्त देवाने निवडलेल्यांसाठी. ही शिकवण मला नवी नाही, आजवर ऐकून सोडून देत आले. पण आज शिकवणारे ब्रदर म्हणाले, "सुवार्ता सांगताना कुणालाही थेट 'ख्रिस्त तुझ्यासाठी मेला' असं म्हणू नका. समोरचा निवडलेला आहे की नाही, तुम्हाला कुठे ठाऊक? खोटं बोलून बसाल." आजूबाजूला माना डोलल्या. शेजारच्या मुलीने ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. त्या रेघा बघितल्या आणि मला बसवेना.

कारण ते वाक्य मी बोललेली आहे. दादाला.

दादाने बावीस वर्षं उपासनेत पाऊल ठेवलं नव्हतं. दारूपायी आईच्या औषधाचे पैसेसुद्धा उचलून नेलेला माणूस. शेवटच्या रात्री त्याला पाणी द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ओठांना भेगा पडल्या होत्या, मी ओल्या कापसाने टिपत होते. त्याने तो कापूस दातात धरला आणि सोडेना. बऱ्याच वेळाने सोडला, आणि म्हणाला, "माझ्यासाठी पण?" मागचापुढचा काही संदर्भ नाही. पण आम्ही एकाच संडे स्कूलमध्ये वाढलो, मला बरोबर कळलं. मी म्हटलं, "तुझ्यासाठी, दादा. तुझ्यासाठीच मेला तो."

मग मी काय म्हणायला हवं होतं? "दादा, ख्रिस्त निवडलेल्यांसाठी मेला, तू त्यांच्यात असलास तर तुझ्यासाठीही"? हातात ओला कापूस धरून हे कुणीतरी म्हणून दाखवा मला.

त्यांच्या बाजूची वचनं मलाही पाठ आहेत. मेंढपाळ मेंढरांसाठी प्राण देतो, योहान 10. "मी जगासाठी विनंती करीत नाही," योहान 17:9. आहे, मान्य आहे, पुसून टाकत नाही. पण 1 योहान 2:2 मध्ये तो केवळ आपल्या नव्हे तर सगळ्या जगाच्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे, हेही तितकंच स्पष्ट लिहिलंय ना? तिथे 'जग' म्हणजे सर्व राष्ट्रांतले निवडलेले, असं सांगतात. बरं. मग 2 पेत्र 2:1 मधले खोटे शिक्षक? ज्या स्वामीने त्यांना विकत घेतलं त्यालाच ते नाकारतात. विकत घेतलेले, आणि तरी नाशाला चाललेले.

ही शिकवण मांडणारे इंग्लिश धर्मपंडित जॉन ओवेन यांनी 1647 मध्ये विचारलेला प्रश्न ब्रदरनी आज फळ्यावर लिहिला होता: ख्रिस्ताने सगळ्यांच्या सगळ्या पापांची शिक्षा भोगली, तर मग कुणीही नरकात का जातो? अविश्वास हेही पापच की. प्रश्न वजनदार आहे, नाही म्हणत नाही. पण त्याचं उत्तर माझ्या भावाच्या नावावर काट मारून द्यायचं?

आणि या शिकवणीसाठी नेदरलँड्समधल्या ज्या डॉर्टच्या चर्चसभेचं (1618-19) नाव पाच-पाच मिनिटांनी घेतलं जातं, तिनेच लिहून ठेवलंय की ख्रिस्ताचं मरण सगळ्या जगाच्या पापांना पुरून उरेल इतकं मोलाचं आहे, आणि सुवार्ता कसलाही भेद न करता सर्वांना सांगावी. त्या सभेत इंग्लंडहून आलेले जॉन डेव्हनंट होते. ख्रिस्त सर्वांसाठी मेला असं मानणारे, आणि तरी त्या ठरावांवर त्यांची सही आहे. म्हणजे आपण आज डॉर्टच्याही पुढे गेलो!

म्हणे देवाची प्रीती सगळ्यांवर आहे, ऊन-पाऊस तो सगळ्यांना देतो. ऊन-पाऊस सगळ्यांना आणि रक्त मोजक्यांना? प्रीतीची किंमत मोजायची वेळ आली की नेमकी तिथेच यादी काढायची? बावीस वर्षं दादाच्या डोक्यावरही ऊन-पाऊस पडतच होता. त्या रात्री तो त्याबद्दल विचारत नव्हता.

वरचं आता परत वाचलं. कडक झालंय. खोडत नाही, पण एक सांगायलाच हवं. दादा गेला तेव्हा आई धास्तावली होती, दारुड्याच्या दफनाला कोण येणार म्हणून. सगळ्यात आधी आले ते हेच ब्रदर. त्यांनी शवपेटीला खांदा दिला. माती लोटताना त्यांच्या चष्म्यावर पाणी होतं, मी पाहिलंय. या शिकवणीत त्यांना काय सापडतं तेही कळतं मला. ख्रिस्ताने ज्याला विकत घेतलं तो त्याच्या हातून कधीच निसटत नाही, याचा आधार. तो आधार काढून घ्यायचा नाहीये मला त्यांच्याकडून. त्यांनी फक्त माझं वाक्य मला ठेवू द्यावं.

घरी आल्यापासून लूकचा 22वा अध्याय उघडून बसलेय. प्याला देताना प्रभू म्हणतो, हे रक्त तुमच्यासाठी ओतलं जात आहे. आणि लगेच पुढच्या वचनात, मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर मेजावर आहे. मत्तयात क्रम वेगळा आहे, ठाऊक आहे. पण लूकने असं लिहिलंय. तो 'तुमच्यासाठी' हा शब्द उच्चारला जात असताना यहूदाचा, म्हणजे धरून देणाऱ्या त्या शिष्याचा, हात त्याच मेजावर होता, आणि प्रभूने त्याला आधी बाहेर काढलं नाही.

दादाने त्या रात्री आणखी एकदाच विचारलं. "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." मग त्याने पुन्हा तोंड उघडलं आणि मी कापूस भिजवून ओठांना लावला.

लिहिता लिहिता ब्रदरचा मेसेज आलाय. "ताई, उठून का गेलात? माझं काही चुकलं का?" उत्तर टाकलंय, "उद्या घरी या. आई पण आहे. येताना लूक 22 वाचून या."