एजंट नको तर नको, वकील तरी घ्या की!

सध्या ज्याला त्याला एजंटशिवाय प्लॉट घ्यायचाय. आपल्या कोल्हापुरात पाचगाव, कळंबा, उचगावकडं कुठं "मालक स्वतः विकणार" असा बोर्ड दिसला की लोकांना वाटतं झालं, कमिशन वाचलं. वाचतं की, मी कुठं नाय म्हणतोय. शिवाय का विकताय हे मालकाच्या तोंडनंच ऐकायला मिळतं. पोरीचं लग्न, पोराचं शिक्षण असलं काय असंल तर ठीक, "असंच विकतोय" म्हटला की कान टवकारायचे.

पण एजंट नको म्हणून वकील पण नको, ही कुठली पद्धत? चाळीस लाखाचा प्लॉट घेणारा माणूस 30 वर्षांच्या सर्च रिपोर्टचे (जागेचे मागचे व्यवहार तपासून वकील देतो तो अहवाल) पैसे द्यायला कुरकुरतो राव. ऑनलाइन सातबारा बघितला, नाव मालकाचंच हाय, म्हणजे टायटल क्लिअर? अहो सातबारा महसुलाचा कागद, मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे. जुने फेरफार, म्हणजे सातबारावरची नावं कशी बदलली त्याच्या नोंदी, काढा, वडिलांच्या माघारी फक्त भावांचीच नावं लागलीत का, बहिणी कुठं गेल्या ते बघा. वडिलोपार्जित मिळकतीत पोरींना पोरांइतकाच हक्क, 2005 च्या दुरुस्तीनं देशभर आणि महाराष्ट्रात तर 1994 लाच कायदा झालेला. रजिस्टर हक्कसोडपत्र नसताना "ताई काय मागत नाय ओ" ह्यावर विसार (आगाऊ पैसे) देऊ नका. ताई नाय मागणार, भाचे मागतील.

दुसरं आपल्या गावचं दुखणं, पूररेषा. 2019 आणि 2021 ला पाणी कुठवर आलतं ते तिथल्या चहावाल्याला विचारा, मालकाला नको. नकाशावरची निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतनं एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतनं एकदा. निळीच्या आत घर बांधायचं स्वप्न सोडाच. उगंच कोण स्वस्तात देत नाय.

रोखीचं पण तसंच. जागेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्यावर रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड, हे मालकाला गोडीत सांगा. आणि व्यवहार 50 लाख किंवा वर गेला तर 1 टक्का टीडीएस (मालकाला द्यायच्या पैशातनं कापायचा इन्कम टॅक्स) आपण कापून भरायचा असतो, मधी एजंट नसला की हे सांगायला पण कोण नसतं.

शेवटचं, ह्या जागेवर कुणाचा हक्क असंल तर सांगा, अशी पेपरात जाहीर नोटीस द्याच. "कशाला गावभर बोभाटा" असं मालक म्हणाला तर चहा पिऊन गप उठायचं, दुसरा प्लॉट बघायचा.